डाव्या पायाचा तळवा

कवडूच्या डाव्या पायाच्या तळव्यावरून मोटारसायकल गेली तेव्हा कवडू झोपलेला होता. याबद्दल अख्ख्या कोंढा गावात कोणाचंही दुमत नव्हतं. फक्त सरकारी कागदावर ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

मळणी झाली की कोंढ्याचा डांबरी रस्ता अर्धा वाहनांचा आणि अर्धा धानाचा असतो. धान पसरायचं, भोवती दगडांची रांग लावायची आणि शेजारी पोत्यावर राखणीला बसायचं. कवडू बसला होता, पण दुपारच्या उन्हात त्याचा डोळा लागला. डोक्यापासून पायापर्यंत दुपट्टा ओढून तो असा काही पालथा पडला, की त्याचा डावा पाय दगडांच्या रांगेबाहेर गेला आणि दुपट्ट्याखाली तो रांगेतला शेवटचा दगड दिसू लागला.

त्या दिवशी गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. कवडूचा भाचा निकेश आपल्या आईला, म्हणजे कवडूच्या थोरल्या बहिणीला, चंद्रभागाबाईंना मागे बसवून वरठीहून मंडईला येत होता. समोरून तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं भरलेली बैलगाडी आली. आता निकेशपुढे दोनच वाटा होत्या, एक धानावरून आणि दुसरी दगडांच्या कडेनं. पिकल्या धानावरून चाक नेणारा माणूस या भागात अजून जन्माला यायचा आहे. निकेश कडेनं गेला, आणि शेवटचा दगड ओरडला.

"धान सांडलं का?" उठून बसत कवडूनं पहिला प्रश्न विचारला.

"मामाजी, पाय!" निकेश गाडी टाकून धावत आला.

भाचा दिसताच कवडूनं बसल्याबसल्याच वाकून त्याच्या पायांना हात लावला. या झाडीपट्टी भागात मामा भाच्याच्या पाया पडतो, मग टाचेचं हाड चिरलेलं असो की शाबूत. निकेशनंच त्याला उचलून पवनीच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

सोबत भैय्याजी न बोलावता गेले. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यामुळे त्यांना कायदा येतो असं गाव मानत असे, आणि गावापेक्षा जास्त ते स्वतः मानत. वाहनाची जखम म्हटल्यावर डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. हवालदार येतोय असं दिसताच भैय्याजी कवडूच्या कानाला लागले.

"धानाचं नाव काढू नको. रस्ता अडवला म्हणून तूच आत जाशील. कडेनं पायी जाऊन राहिलो होतो, असं सांग."

"पन निकेशले काई होनार तं नाई?"

"त्याले काय होते? तू मामा हायेस त्याचा."

हे कोणत्या कलमात बसतं ते भैय्याजींनी सांगितलं नाही. कवडू म्हणाला, पायी जात होतो. हवालदारानं पुढचं स्वतःच्या मनानं लिहिलं: 'आरोपीने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून...' हे वाक्य त्या पेनातून आपोआप उतरत असे. बैलगाडीची धडक बसली असती तरी बैल भरधावच लिहिले गेले असते. कवडूनं न वाचता सही केली. इकडे भैय्याजींचा निरोप मिळताच त्याच्या बायकोनं, कुंताबाईनं, धान गोळा करून जागा झाडून घेतली. दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यात 'रस्ता कोरडा, मोकळा, कोणताही अडथळा नाही' अशी नोंद झाली.

आठ महिने कोणाला काही वाटलं नाही. मग एसटीच्या चालकांच्या निवड यादीत निकेशचं नाव लागलं. या यादीसाठी पोरानं चार वर्षं ट्रक चालवला होता. चारित्र्य पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात गेला आणि एक शेरा घेऊन परत आला: निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा खटला प्रलंबित. निकालापर्यंत नेमणूक थांबली. शिक्षा झाली तर नोकरी गेल्यातच जमा होती.

कवडू लंगडत ठाण्यात गेला. "साहेब, माझी तक्रार मले वापस द्या."

"ती आता तुमची नाही, सरकारची आहे," ठाणे अंमलदार म्हणाला. "सरकार विरुद्ध निकेश असा खटला आहे."

"पन पाय तं माझा हाय ना?"

"पाय तुमचा आहे. खटला सरकारचा."

त्यानंतर कवडू निकेशच्या वकील रत्नमालाताई यांच्याकडे गेला. त्यांनी त्याला दारातच थांबवलं. "काका, तुम्ही सरकारी साक्षीदार आहात. काय बोलायचं ते मी तुम्हाला शिकवू शकत नाही." मग आत बसलेल्या निकेशकडे वळून त्या म्हणाल्या, "अपघात झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. तो सरकारला सिद्ध करावा लागतो. नुसतं भरधाव म्हणून भागत नाही. रस्ता कसा होता, समोर काय होतं, शहाण्या माणसानं त्या जागी काय केलं असतं, हे सगळं बघतात. पण या कागदांत तर रस्ता मोकळा आहे आणि माणूस कडेनं चाललाय. मोकळ्या रस्त्यावर कडेच्या माणसाला उडवलं, तर मी तरी काय सांगू?"

दारातल्या कवडूला सगळं ऐकू गेलं. त्याला मनापासून लाज वाटली. धानाला वाचवायला पोरगा कडेनं गेला, आणि मामानं ते धानच कागदावरून झाडून टाकलं होतं.

भाऊबीजेला चंद्रभागाबाई आल्या. त्यांनी भावाला ओवाळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या गेल्यावर कुंताबाई नवऱ्याला म्हणाली, "बाई काई बोलल्या नाई. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं."

"खरं सांगतलं तं मले जेल होईन."

"होऊ द्या. भास्याले फसवून घरी बसान का? मी पिशवी भरून देतो."

तिनं खरंच पिशवी भरली. तारखेच्या दिवशी कवडू पवनीच्या कोर्टात घोंगडं, लोटा, दोन धोतरं आणि फुटाण्यांची पुडी घेऊन हजर झाला.

सरकारी वकिलांनी सुरुवात सोपी केली. "आरोपी कोर्टात हजर आहे का? ओळखून दाखवा."

कवडू साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरला, लंगडत आरोपीजवळ गेला आणि वाकून त्याच्या पाया पडला. निकेश गडबडून मामाच्या पाया पडायला वाकला आणि दोघांची डोकी आपटली. शिपाई धावला.

"हे काय चाललंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेब, भासा हाय. समोर आला का पाया पडाच लागते."

न्यायाधीश पुण्याकडचे असावेत. त्यांनी टंकलेखकाकडे पाहिलं. टंकलेखक इथलाच होता. त्यानं मान हलवून साक्षीला दुजोरा दिला आणि 'साक्षीदाराने आरोपीस ओळखले' एवढंच टाइप केलं.

"गाडी भरधाव होती असं तुम्ही जबाबात म्हटलंय," सरकारी वकील म्हणाले.

"सही माझी हाय. भरधाव हवालदार साहेबाचं हाय."

सरकारी वकिलांनी साक्षीदार उलटल्याचं जाहीर केलं आणि जबाबातली वाक्यं एकेक करून विचारली. कवडू नुसता घाम पुसत राहिला. मग रत्नमालाताई उठल्या. त्यांच्या हातात दवाखान्याचा कागद होता.

"काका, जखम कुठे झाली?"

"टाचेले. डाव्या तळव्याच्या बाजूनं."

"तुम्ही पायी चालत होता?"

"तसं लिवलं हाय."

"चालणाऱ्या माणसाचा तळवा कुठे असतो?"

कवडूनं खाली पाहिलं. न्यायाधीशांनी टेबलाखाली पाहिलं. सरकारी वकिलांनीसुद्धा नकळत आपला एक बूट उचलून पाहिला. तळवा जमिनीवर होता. त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये मोटारसायकल शिरायला जागा नव्हती.

कवडूनं पिशवी छातीशी धरली. "साहेब, मी चालत नोहतो. मी झोपलो होतो."

"कुठे?"

"रस्त्यावर. धान वाळत होतं. पाय दगडाच्या बाहेर गेला अन् वर दुपट्टा होता, त्याले काय दिसनार? समोरून गाडा आला. त्यानं धानावरून गाडी नाई नेली, कडेनं नेली. मागं माझी बहीन बसली होती. ते बसली का गाडी सायकलच्याही मागं रायते, नाई तं ते पाठीत बुक्के मारते. धान आमीच झाडून टाकलं, मंग पंचनाम्यात कुठून येईन? चूक माझी हाय."

 न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"पिशवीत काय आहे?"

"घोंगडं, साहेब. जेलमदी थंडी रायते म्हनतात."

मागच्या बाकावर चंद्रभागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. न्यायाधीशांनी घसा साफ केला. रस्त्यावर धान पसरणं हाही गुन्हाच आहे, पोलिसांना खोटं सांगणं तर त्याहून वाईट, यापुढे धान अंगणात वाळवा, असं त्यांनी कडक आवाजात सुनावलं आणि घोंगडं घरी न्यायला सांगितलं. महिन्याभरात निकाल लागला. निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, आरोपी निर्दोष. बाहेर आल्यावर चंद्रभागाबाई भावाशी इतक्या महिन्यांनंतर पहिलं वाक्य बोलल्या. "मी कवा मारले रे बुक्के?"

निकेशला नेमणूक मिळाली. पुढच्या सुगीत तो कोंढ्यावरून जाणाऱ्या गाडीवर होता. कवडूचं धान आता अंगणात वाळत होतं, पण गावातल्या बाकीच्यांना कोणत्याच न्यायाधीशानं काही सांगितलेलं नव्हतं. एके सकाळी टाच दाखवायला कवडू त्या गाडीत बसला. पवनीचे डॉक्टर दुपारी एक वाजता दवाखान्यातून उठून घरी जात. गाडी प्रत्येक धानाजवळ थांबायची. कंडक्टर खाली उतरून दगडांच्या रांगेत कोणाचा पाय आहे का ते पाहायचा, मग घंटी द्यायचा. पवनी येईपर्यंत पावणेदोन वाजले आणि डॉक्टर निघून गेले.

कवडूचा पारा चढला. तो तरातरा स्टँडवरच्या खिडकीशी गेला. "अशी बस चालवतात का? बैल बरे."

"लेखी तक्रार द्या," खिडकीतल्या बाबूनं वही आणि पेन पुढे सरकवलं. "चालकाचं नाव लिहा, काय झालं ते लिहा, सही करा. पुढचं आम्ही बघतो."

कवडूनं पेन हातात घेतलं. वहीकडे पाहिलं. पेन जपून, आवाज न होऊ देता, परत ठेवलं.

"काय झालं? लिहिता येत नाही का?"

"येते. पन लिवलेलं वापस भेटत नाई."

परतीची गाडीही निकेशचीच होती. चढण्याआधी कवडू चालकाच्या बाजूला गेला, पण पाय उंचावर होते, म्हणून त्यानं बसच्या चाकालाच हात लावून कपाळाला नेला. मग खिडकीजवळची जागा धरली. प्रवास लांबणार होता. त्यानं दुपट्टा तोंडावर ओढला, दोन्ही पाय नीट सीटखाली घेतले आणि निश्चिंत झोपून गेला.