अंगठ्याची उडी

"जगातली कुठलीही वस्तू आपल्यापासून किती लांब आहे, ते मी टेप न लावता सांगतो! दोन डोळे आणि एक अंगठा, बास!" चहाचा कप खाली ठेवत मास्तरांनी जाहीर केलं.

"मग परवा दिव्याच्या खांबावर कसे आदळलात?" बायकोनं विचारलं.

"तेव्हा मी विचारात होतो."

"म्हणजे डोळे घरी ठेवून गेला होतात!"

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज त्यांना भांडायला सवड नव्हती. निवृत्तीनंतर ते इमारतीतल्या मुलांना गणित शिकवत, तेही जिन्यात. कोणी वर-खाली निघालं की अख्खा वर्ग पालीसारखा भिंतीला चिकटायचा! तळमजल्यावर एक खोली रिकामी होती, पण तिची किल्ली सोसायटीच्या अध्यक्षबाईंच्या कमरेला. आणि अध्यक्षबाई म्हणजे अवघड प्रकरण! गाडी आत घेताना त्या फाटकाचा खांब हमखास घासत आणि वर सगळ्यांना दम भरत, "हा खांब कोणीतरी मुद्दाम सरकवतंय!"

मास्तरांना त्यांनी बजावलं होतं, "आज वर्ग अंगणात घ्या. मी खिडकीतून बघणार आहे. मुलं शिस्तीत दिसली, तरच किल्ली!"

मास्तरांनी मुलांना एका ओळीत उभं केलं आणि खडूनं फरशीवर दोन ठिपके काढले.

"हे आपले दोन डोळे. शेजारी शेजारी असले, तरी दोघांना जग थोडं वेगळं दिसतं. मेंदू तो फरक बघतो आणि गुपचूप गणित सोडवतो. फरक मोठा तर वस्तू जवळ, फरक लहान तर लांब. ते गुपचूप चाललेलं गणित आपण खडूनं मांडायचं." त्यांनी पुढे एक अंगठा काढला. ठिपक्यांपासून निघालेल्या दोन रेघा अंगठ्यावर एकमेकींना छेदून पलीकडे फाकल्या. "अलीकडे छोटा त्रिकोण, पलीकडे तसाच मोठा. आपला हात दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहापट लांब असतो. म्हणून एक डोळा मिटून अंगठा वस्तूवर धरायचा. डोळा बदलल्यावर तो पलीकडे जेवढी उडी मारेल, त्याच्या दहापट लांब ती वस्तू!"

"पण माझा हात तर छोटा आहे," सगळ्यात लहान चिंगी म्हणाली.

"शाब्बास! तुझे डोळेही जवळजवळ आहेत ना? दोन्ही लहान, गुणोत्तर तेच! बरं, आता काय मोजू या?"

"अध्यक्षबाईंची खिडकी!" सगळे एका सुरात ओरडले.

मास्तर खूष झाले. बाईंना शिस्तही दिसेल आणि गणितही!

खिडकीत बाई कपडे वाळत घालत होत्या. खाली बघतात तो काय! सगळी पोरं हात ताणून, अंगठे उंचावून त्यांच्याकडे बघत डोळा मारतायत! आधी डावा, मग उजवा! आणि सगळ्यांच्या पुढे मास्तर! या वयात! बाईंच्या हातातली चादर सुटली आणि सरळ पहिल्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पडली.

"अहो, इकडे या! हे बघा काय चाललंय!"

यजमान धावत आले. ते स्वभावानं गरीब. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी अभिनंदन चाललंय. त्यांनीही हसून अंगठा दाखवला आणि डोळा मारला!

"तुम्हीसुद्धा?" बाई किंचाळल्या.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. गेली किल्ली! ते जीव तोडून ओरडले, "बाई, गैरसमज नको! मी तुम्हाला उजव्या डोळ्यानं बघितलं की माझा अंगठा तुमच्या खिडकीत, आणि डाव्यानं बघितलं की थेट शेजारच्या दंतवैद्यांच्या बाल्कनीत!"

सगळ्या खिडक्या फटाफट उघडल्या. दंतवैद्य आ वासून उभे राहिले. दुसऱ्याचा आ बघायची सवय असलेला माणूस, पण आज त्यांचाच मिटेना!

बाई कपडे वाळत घालायची काठी घेऊन खाली आल्या. मास्तर दोन पावलं मागे सरकले. चिंगीनंच बाईंना खडूचे त्रिकोण दाखवले. "खरंच गणित आहे, काकू. करून बघा ना!"

बाईंनी संशयानं हात ताणला, स्वतःच्याच खिडकीकडे अंगठा धरला आणि डावा डोळा मिटला. खिडकीत उभ्या असलेल्या यजमानांच्या हातून कप निसटला. लग्न झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं!

"दिसला," बाई म्हणाल्या. मग त्यांनी उजवा डोळा मिटला आणि मान पुढे काढली.

"उडाला ना?" मास्तरांनी विचारलं.

"अंगठाच नाही! सगळं नुसतं दुधासारखं!" काठी खाली पडली. "मास्तर, माझा डावा डोळा गेला की काय हो?"

मास्तरांनी हळूच त्यांना पायरीवर बसवलं. "घाबरू नका. मोतीबिंदू असेल, निघतो तो. पण आजच डॉक्टरांकडे जा. इतके दिवस तुमचा मेंदू एकाच डोळ्यावर काम भागवत होता. तुलना करायला दुसरं चित्रच नाही, तर खांब किती जवळ आलाय हे त्याला कळणार कसं?"

"म्हणजे खांब..."

"जागेवरच होता, काकू!" चिंगी म्हणाली.

मोतीबिंदूच होता. ऑपरेशननंतर बाई आपणहून रोज जिन्यातल्या वर्गाला येऊन बसू लागल्या आणि डाव्या डोळ्याला नीट दिसायला लागलं, तशी त्यांनी मास्तरांच्या हातात किल्ली ठेवली. "सतरंजी माझ्याकडून. खोलीचं माप तेवढं द्या."

"टेप आणू?" बायकोनं विचारलं.

"मी असताना?" मास्तर दाराला पाठ टेकून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर अंगठा धरला, डोळे मिचकावले, दहानं गुणलं आणि माप सांगून मोकळे झाले.

सतरंजी आली. सगळ्यांच्या टाळ्यांच्या गजरात अंथरली. दाराशी हातभर फरशी उघडी!

मास्तर पांढरे पडले. गणित तर बिनचूक होतं!

अध्यक्षबाईंनी दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "मास्तर, मोठा त्रिकोण सुरू होतो अंगठ्यापासून. डोळ्यापासून अंगठ्यापर्यंतचा हात कोण मिळवणार?"

मुलं मास्तरांकडे बघत होती. बायको तर फारच बघत होती. मास्तरांनी घसा खाकरला, उघड्या फरशीवर मांडी घातली आणि म्हणाले, "ही भिंत कोणीतरी मुद्दाम सरकवलीय!"