नाहीशा डिस्कचा पंचनामा

“वहिनी, बाकी काही करा, पण दादाले सेटिंग उघडू देऊ नका,” असं माझ्या दिरानं, मनिषनं, बजावलं होतं. मी हो-हो म्हटलं आणि विसरले, कारण तेव्हा आमची दीड वर्षांची टीना चपलेचं बक्कल चाखून बघत होती.

दादा म्हणजे आमचे हे, धर्मेंद्र. स्वतःच्या शब्दांत, ‘वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा एकमेव डिजिटल गुप्तहेर’. वरठी स्टेशनवरून गायब झालेली सायकल त्यांनी तीन दिवसांत शोधून काढली होती. सायकल त्यांचीच होती आणि त्यांनीच कुलूप लावून ठेवलेल्या जागी होती. सहायक मी. शिक्षण बी.एस्सी., पगार नाही.

सासऱ्यांनी केलेल्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या किनारींच्या नक्ष्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत. तो जुन्या विंडोजवरच चालतो, म्हणून मनिषनं लॅपटॉपच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. त्याला खोटी हार्डडिस्क, आणि ती जोडायला खोटा कंट्रोलर. आज मात्र तो उघडेना. निळा पडदा यायचा, डिस्क सापडत नाही म्हणायचा नि जायचा.

आंधळगावात विणकर जागेश्वरकाका मागावर ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, चढवून बसले होते. बारापर्यंत नक्षीचा कागद मिळाला नाही, तर ते साधीच किनार विणायला घेणार होते. आणि साडी होती माझ्या नणंदेच्या, रिताच्या लग्नाची.

“व्हर्च्युअल म्हणजे जे दिसत नाही,” हे म्हणाले. “दिसत नाही म्हणजे चोरीले गेलं.”

“अहो, ती नुसती फाईल आहे. इथंच आहे.”

“चोर असंच म्हणते.”

मग त्यांनी टीनाची पावडर कीबोर्डवर उधळून बोटांचे ठसे घेतले. ठसे टीनाचे निघाले, तेव्हा तिची उलटतपासणी झाली. ती हसली, हे संशयास्पद ठरलं. त्यानंतर रात्री लाइट गेली होती म्हणून डिस्क अंधारात वाट चुकली, असा निष्कर्ष निघाला. मी पावडर टीनाच्या नाकात जाऊ नये म्हणून तिला कडेवर घेऊन फिरत होते आणि घड्याळ बघत होते. साडेअकरा.

शेवटी जागेश्वरकाकाच सायकलवरून आले.

“काहून अडून राहिलं?”

मी सगळं सांगितलं.

“परवा चालू होतं ना? मंग परवापासून काय बदललं?”

हा प्रश्न आम्हा दोघांनाही सुचला नव्हता.

“बदललं काहीच नाही,” हे म्हणाले. “सुधारलं. डिस्क आयडीई कंट्रोलरवर होती. लई जुना प्रकार. मी त्याच्या जागी स्कझी कंट्रोलर लावून देला. मोठ्या सर्व्हरले तेच लावतात.”

काका म्हणाले, “चढलेल्या ताण्याले मधातच दुसरी फणी लावत नाही बाप्पा. ज्या फणीत तारा ओवल्या, तेच ठेवा लागते.”

मी सेटिंग उघडून आयडीई केलं. जुनी विंडोज जांभई दिल्यासारखी उघडली. बाराला पाच कमी असताना कागद काकांच्या हातात होता.

“पाह्यलं?” हे म्हणाले. “गुन्हेगाराच्या तोंडूनच कबुली काढा लागते. केस बंद.”

जेवण होताच ते गाडी काढून दिघोरीला गेले, थोरल्या नणंदेकडे, हर्षाताईंकडे. त्यांच्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणे. ताई फोन उचलत नाहीत. दिघोरीत कोणी हे वाचत असाल तर तेवढं त्यांच्या घरी डोकावून या. आमच्या ह्यांना कॉम्प्युटरजवळ एकटं सोडलेलं नाही ना, बघा.