दम्याचं मशीन

म्हशीचा पाय पडला आणि कृष्णराजच्या लग्नावर संक्रांत आली.

म्हशीचा तसा काही दोष नव्हता. ती बिचारी वैरणीसाठी पुढे सरकली. कृष्णराज वाकून दावं बांधत होता, तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशातून पेनाएवढी एक वस्तू खाली घसरली आणि म्हशीने त्यावर पाय ठेवला. ठेवला तो ठेवलाच. कृष्णराजने तिला ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी ‘आई गं, बाई गं’ म्हणून विनवलं, तेव्हा कुठे ती हलली. खालून निघालं ते चेपलेलं, शेणाने माखलेलं आणि कायमचं मुकं झालेलं इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं मशीन.

ही गोष्ट गुरुवारची. आणि रविवारी तुळजापूरपलीकडच्या वाशीचे पाहुणे घर बघायला येणार होते.

मुरुमजवळच्या त्या गावात कृष्णराजचं काही कमी नव्हतं. बागायत होती, ट्रॅक्टर होता, स्लॅबचं घर होतं. नव्हती ती फक्त बायको. हल्ली शेतकरी मुलासाठी मुलगी मागायला जावं, तर लोक आपली किडनी मागितल्यासारखा चेहरा करतात. कितीतरी ठिकाणचे पोहे खाऊन झाल्यावर वाशीची आरोही होकाराच्या जवळपास आली होती. ती औषधशास्त्र शिकून मेडिकलच्या दुकानात कामाला होती. तिच्या वडिलांची, भागवतरावांची, अट एकच होती, मुलगा निर्व्यसनी पाहिजे. म्हणून कृष्णराजच्या बायोडाटामध्ये ‘निर्व्यसनी’ हा शब्द त्याच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत छापला होता.

त्यात आपण खोटं काहीच लिहिलेलं नाही, असं कृष्णराजचं प्रामाणिक मत होतं. सिगारेट त्याने खरंच सोडली होती. सोडून हे मशीन धरलं होतं. पुण्याच्या रणधीरने, म्हणजे त्याच्या चुलतभावाने, ते कुठूनतरी चोरून पैदा केलं होतं. ‘ह्यानं सिगरेट सुटती,’ असं तो म्हणाला आणि ते खरं ठरलं. सिगारेट सुटली, पण मशीन काही सुटेना.

मशीनही अगदी स्वस्तातलं, पुदिन्याच्या वाफेचं. आल्या आल्या त्याचं झाकण सैल झालं, ते रबराने बांधलं. मग बटण आत गेलं, ते काडेपेटीच्या काडीने दाबावं लागे. एकदा ते उसाच्या पाटात पडलं, तेव्हा कृष्णराजने ते गुपचूप तांदळाच्या डब्यात पुरून वाळवलं. त्यानंतर घरातल्या भाताला पुदिन्याचा वास येऊ लागला आणि कडूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने, किराणा दुकानदाराला बाजारात सगळ्यांदेखत फैलावर घेतलं.

आता मात्र मामला म्हशीचा होता. त्याने रणधीरला फोन लावला.

“गॅरंटी असंल की ह्याची?”

“येड्या, जे इकायलाच बंदी हाय त्याची गॅरंटी कोण देतंय? दे फेकून!”

पण फेकून कसं द्यायचं? मशीन नाही म्हणजे सिगारेट आली, सिगारेट म्हणजे वास आला आणि वास म्हणजे गेलं वाशीचं स्थळ. कृष्णराजने मशीन धुतलं, रुमालात गुंडाळलं आणि मुरुम गाठलं.

मुरुमच्या बाजारात महांतप्पाचं दुकान होतं. पाण्याची मोटार, मिक्सर, फवारणीचा पंप, देव्हाऱ्यातली लुकलुकणारी माळ, काहीही आणा, महांतप्पा नाही म्हणत नसे. त्याच्या हातून वस्तू दुरुस्त होऊनच जायची, फक्त जाताना ती मालकाला ओळखू यायची नाही.

“काय हाय हे, तम्मा?” महांतप्पाने मशीन उलटंसुलटं करून विचारलं. धाकट्या माणसाला तो कानडी थाटात ‘तम्मा’च म्हणे.

“मशीन हाय.”

“ते दिसतंय की. करतंय काय?”

दुकानात दोघे-तिघे मोटार घेऊन बसले होते. त्यांनी कान टवकारले.

“वाफ देतंय,” कृष्णराज हळूच म्हणाला.

“कुणाला?”

आता इथे शहाण्या माणसाने ‘एका दोस्ताला’ म्हणून वेळ मारून नेली असती. पण ज्याला खोटं बोलायची सवय नसते, तो बोलायला लागला की घरापासूनच सुरुवात करतो.

“आईला. दमा हाय तिला.”

महांतप्पाच्या हातातला पाना खाली आला. “कडूअक्काला? परवा तर ज्वारीचं पोतं उचलून रिक्षात टाकत होत्या की!”

“तवापास्नंच धाप लागायली.”

“अरेरे! माऊली खोळंबली म्हणल्यावर बाकीचं काम राहू दे बाजूला. पैसं घेणार न्हाय म्या. काय लागंल ते घरचं घालतो, तू जा.”

कृष्णराज सुटलो म्हणून घरी आला. पण बातमी त्याच्या मोटारसायकलच्या आधीच गावात पोचली होती.

शुक्रवारी सकाळी शेजारीण अडुळशाचा पाला घेऊन आली. दुपारी कुणी मध आणला. संध्याकाळी दोन बायका येऊन कडूबाईंच्या पाठीवरून हात फिरवून, डोळ्यांना पदर लावून गेल्या. तेव्हा कडूबाईंचं माथं भडकलं.

“कुणाला दमा? मला? अगं, तुमच्या समद्या गल्लीचं पानी एकली शेंदीन म्या!”

कृष्णराजचे वडील बलभीमराव हे शांत डोक्याचे गृहस्थ. त्यांनी शांतपणे विचार केला आणि गावातला माणूस जिथे पोचतो तिथेच पोचले.

“भावकीचा डाव हाय ह्यो,” ते म्हणाले. “पोराचं जमायलंय ते बघवंना. घरात दमा हाय म्हणून आवई उठिवली. ज्यानं उठिवली त्यो घावू दे नुसता, नांगराला जुंपतो का न्हाय बघ.”

कृष्णराज समोरच जेवत होता. त्याला असा काही ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. दारातून शेजारीण कळवळून म्हणाली, “बया! पोराला बी हाय व्हय?”

रविवार उजाडेपर्यंत कृष्णराजने मशीनची तलफ मारत तीन दिवस बडीशेपेवर काढले. घरातली बडीशेप संपली, दुकानातली आणली, तीही संपत आली. हात थरथरत होते, उगाचच राग येत होता. पाहुणे आले तेव्हा तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा बसला होता.

भागवतराव, त्यांच्या पत्नी कमलबाई आणि आरोही असे तिघे आले होते. ज्या घरात राहायचं ते मी स्वतः बघणार, असं आरोहीनेच सांगितलं होतं. चुरमुऱ्यांची सुशीला आणि चहा झाला. सुशीला कडूबाईंच्या हातची म्हटल्यावर कमलबाईंनी दुसऱ्यांदाही घेतली. बलभीमरावांनी पानाचं तबक पुढे केलं, तर भागवतरावांनी ते दोन बोटांनी दूर सारलं.

“सुपारी बी नगं, पाव्हणं. व्यसनाचं मला लई वावडं. धूर बघितला की मळमळतंय.”

“आमचा कृष्णा बी तसाच,” बलभीमराव म्हणाले. कृष्णराजने मांड्यांखालचे हात अजून घट्ट दाबले.

आवई वाशीपर्यंत गेली असेल, तर ती जागच्या जागी गाडून टाकायची, असं कडूबाईंनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी ओसरीवरचं बियाण्याच्या हरभऱ्याचं पोतं पाठीवर घेतलं आणि पाहुण्यांसमोरून आत नेलं. जरा वेळाने तेच पोतं तसंच बाहेर आणलं. त्याचं कारण कुणालाच कळलं नाही, पण भागवतराव खूश झाले.

“ताई, तब्येत लई खणखणीत हाय तुमची!”

“देवीची किरपा,” कडूबाई विजयी मुद्रेने म्हणाल्या. आरोही गालातल्या गालात हसली. ते हसू पाहून कृष्णराजला तीन दिवसांत पहिल्यांदा बडीशेपेची आठवण झाली नाही. ही मुलगी हातची जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात आलं.

आणि तेवढ्यात दारात मोपेड थांबली. महांतप्पा! हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान.

“कडूअक्का, म्हणलं दम्याचं मानूस हाय, रविवार का असंना, आपुन नेऊन द्यावं. हे घ्या तुमचं दम्याचं मशीन!”

बलभीमराव सावकाश उठले. “आलं ध्यानात. कुणी सांगितलं तुला हिला दमा हाय म्हणून? नाव सांग त्याचं.”

“कुणी म्हंजी? कृष्णराजनंच की.”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मशीन आपलं म्हणावं तर व्यसन बाहेर येतं, आईचं म्हणावं तर आजार. कृष्णराजने आईकडे बघितलं. काय चाललंय ते कडूबाईंना काडीमात्र कळलं नव्हतं, पण पोरगं गोत्यात आहे एवढं कळायला आईला काही सांगावं लागत नाही. त्यांनी छातीला हात लावला आणि खोकायला सुरुवात केली.

आयुष्यात कधी न खोकलेली बाई ती. आवाज वासरू हंबरल्यासारखा निघाला. बलभीमराव आ वासून बायकोकडे बघत राहिले.

भागवतराव कमलबाईंकडे झुकले. ते कुजबुजले, पण त्यांची कुजबूज गोठ्यापर्यंत ऐकू जायची. “दमा पिढीजात असतो म्हणत्यात. पोरीला उभ्या जल्माचं दुखनं कशाला? उठावं आपण.”

कडूबाईंचा खोकला जागच्या जागी थांबला. “न्हाय, न्हाय, बसा! बरा झाला बघा. मला कसला दमा अन् कसलं मशीन!”

आता महांतप्पा दुखावला. “आसं कसं, अक्का? मशीन फर्स्टक्लास झालंय!” त्याने पिशवीतून ते काढलं. पेनाएवढं गेलेलं मशीन मक्याच्या कणसाएवढं होऊन आलं होतं. वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा, कडेला फवारणी पंपाची बॅटरी, मिक्सरचं लाल बटण. “वढून बघा फक्त एकडाव.”

कडूबाईंनी चुलीच्या फुंकणीसारखी त्यात जोरात फुंकर मारली. काहीच झालं नाही.

“बिघडल्यालंच हाय,” बलभीमराव तुटकपणे म्हणाले.

“बिघडलं न्हाय, ह्यांना वढता येईना!” महांतप्पा रडकुंडीला आला.

“अवो ताई, तसं न्हाय,” भागवतरावांना राहवेना. “फुकायचं न्हाय, आत घ्यायचं. आना हिकडं, दावतो.”

त्यांनी ते कणीस दोन बोटांच्या मधोमध धरलं. डोळे किंचित मिटले, एक लांब, सावकाश दम घेतला आणि क्षणभर छातीत राखून दोन्ही नाकपुड्यांतून असा काही धूर सोडला की देव्हाऱ्यापर्यंत पुदिन्याचा वास गेला. इथवर एक वेळ निभावलं असतं. पण मग त्यांनी हात बशीवर नेला आणि अंगठ्याने मशीनला हलकीच टिचकी मारून राख झाडली.

राख अर्थातच पडली नाही. पण कमलबाई उभ्या राहिल्या.

“अवो! तुळजापूरला देवीम्होरं नारळ फोडून सोडली व्हती न्हवं तुमी?”

“सोडलीच की,” भागवतराव म्हणाले. त्यांच्या नाकातून उरलेला धूर अजून येत होता. “हे आपलं... औषध हाय.”

“औषध न्हाय ते,” इतका वेळ गप्प असलेली आरोही बोलली. “ते सिगरेटचं मशीन हाय. आमच्या दुकानात लोक चोरून इचारायला येत्यात.” मग तिने सरळ कृष्णराजकडे बघितलं. “तुमचंच ना?”

खोटं बोलून बोलून कृष्णराज दमला होता. “व्हय,” तो म्हणाला. “माझंच.”

“ओढता ते एक येळ सोडता येईल. पण चांगल्या धडधाकट आईला आजारी केलंत, त्याचं काय?”

हे मात्र त्याला लागलं. तो उठला आणि सगळ्यांसमोर आईच्या पाया पडला. “चुकलं, आई.”

“मुडद्या, पाव्हण्याम्होरं खोकायला लावलंस मला,” कडूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो धपाटा ऐकून दम्याबद्दल कुणाच्या मनात काही उरलं असेल, तर तेही गेलं.

बलभीमरावांनी नांगराचा विषय काढला नाही. ते खाली मान घालून भागवतरावांना म्हणाले, “पाव्हणं, आमचं चुकलं. आता तुमीच सांगा काय ते.”

पण भागवतराव सांगायच्या परिस्थितीत राहिलेच नव्हते. ते बशीकडे बघत बसले होते. उत्तर आरोहीने दिलं. तिने मशीन रुमालात गुंडाळलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

“हे मी नेते. तुळशीच्या लग्नापर्यंत हे मागायला फोन आला न्हाय अन् दुसरं काही हातात धरलं न्हाय, तर फुडचं बोलू. कुणी मागितलं, तर संपलं.”

“न्हाय मागणार,” कृष्णराज म्हणाला. आरोही पुन्हा तशीच गालात हसली आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर नळदुर्ग मागे पडलं. पुढच्या सीटवर बसलेले भागवतराव खाकरले.

“आरू, ते मशीन तुझ्यापाशीच हाय न्हवं?”

“हाय की, अण्णा.”

“नीट बंद केलंय का? बॅटरीचं काम असतंय, पर्समदी पेट घ्यायचं. आन बरं हिकडं, बघतो.”

आरोहीने आईकडे पाहिलं. कमलबाईंनी लेकीच्या मांडीवरची पर्स उचलली, स्वतःच्या पदराखाली घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या,

“भाऊ, तुळजापुरात जरा गाडी थांबवा. ह्यांना आनिक एक नारळ फोडायचाय.”