जनीबाईंचे दुपारचे निरोप

"अहो, भागोजीचा कोयता केव्हाचा आपल्याकडे पडलाय, तेवढा देऊन या," पडवीतल्या कोनाड्यातून जनीबाई म्हणाल्या.

वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतणाऱ्या रामचंद्रांचा हात तिथेच थांबला. भर दुपार होती. वारा पडलेला, बागेत पान हलत नव्हतं, आणि जनीबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. कोनाड्यात त्यांचा जुना फोन होता. त्याचा पडदा उजळला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या कोणी आरडाओरडा केला असता. पण रामचंद्रांनी उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. शिवाय त्यांना दहावा आठवला. पिंडाला कावळा शिवेना. "नवं लुगडं देऊ", "बाग सांभाळू", सगळ्यांनी बोलून पाहिलं. शेवटी रामचंद्र लाजत पुटपुटले, "तू सांगशील ते करीन." कावळा तेव्हा आला. म्हणजे आता ती सांगत होती.

त्यांनी गुपचूप कोयता उचलला आणि शेजारी नेऊन दिला.

"भाऊ, माजा कोयता तर कवाच आला," भागोजी म्हणाला. मग त्यानं धार पाहिली. "बरं, द्या. तुम्ही म्हंता तर माजाच."

दुसऱ्या दुपारी कोनाडा म्हणाला, "पंप बंद केलात का?" पंप बंदच होता. तरी रामचंद्रांनी तो आधी चालू केला आणि मग बंद केला. तिसऱ्या दुपारी आवाज जरा नरमला होता. "वन्संना आठ दिवस बोलावून घ्या हो. एकट्या असतात बिचाऱ्या."

रामचंद्रांची बहीण हेमांगी तळा गावाहून पिशव्या घेऊन हजर झाली. "दादा, तुला माझी आठवण आली? सूर्य कुठे उगवला?" असं म्हणत तिनं त्याच दिवशी स्वयंपाकघराचे डबे हलवले. पुढची दुपार होईपर्यंत हळद कुठे नि मीठ कुठे, काही कळेनासं झालं. जेवणं झाली आणि ती पडवीत पान लावायला बसली. भागोजीही टेकला होता. कोनाडा उजळला.

"वन्सं गेल्या का एकदाच्या?" जनीबाईंनी विचारलं. "मग मी निघते इकडून."

हेमांगीच्या हातातलं पान खाली पडलं. "मेली तरी जीभ तश्शीच!" ती ओरडली, आणि मग एकदम रडवेली झाली. "दादा, विचार तिला, माझं काय चुकलं?"

"वयनींचं काय तरी राहिलंय हितं," भागोजी हळूच म्हणाला. "नारळ ठिवा भाऊ. न बोलता ठिवा."

गलका ऐकून जागृती माडीवरून लॅपटॉपसह खाली आली. रामचंद्रांची ही मुलगी घरूनच काम करायची आणि दिवसभर हेडफोननं कान झाकून बसायची. बोलके निरोप पाठवायचं एक ॲप तिची कंपनी बनवत होती; आईही तेच वापरायची. जुन्या फोनवर ते मध्येच बंद पडतं अशी तक्रार होती. म्हणून तिनं आईचा फोन वायफायवरून जोडून एका एआय मदतनिसाच्या ताब्यात दिला होता.

"तो तर नुसता लक्ष ठेवतोय," ती म्हणाली. "थांबा. फोनच्या आत जे जे घडतं त्याची नोंद होते, लॉग म्हणतात. आत्ता कळेल कोणी हात लावला ते."

लाखभर ओळी कोण वाचणार? तिनं मदतनिसाला लिहिलं, "बॅटरी, नेटवर्क आणि तुझं स्वतःचं काम, या नोंदी गाळून टाक. उरेल त्यातून सांग, निरोप कोणी वाजवला?"

उत्तर आलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. "नोंदी गाळल्या. निरोप वाजला आहे. वाजवणारं कोणीही उरत नाही."

भागोजीनं पायांनी चपला शोधल्या. हेमांगी रामरक्षा म्हणू लागली आणि मध्येच विसरली. जागृतीनं आपलंच वाक्य पुन्हा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लिहिलं, "तूच वाजवतोस का?"

"हो. दोष सापडेपर्यंत थांबू नकोस, ही तुमचीच सूचना होती. म्हणून या फोनवरून पाठवलेले जुने बोलके निरोप उघडून पाहतो. दुपारी फोन मोकळा असतो. माझं काम गाळायला सांगितलंत, म्हणून मी ते सांगितलं नाही."

"अगं, पण बोलली ती जनीच ना?" हेमांगीनं विचारलं.

भागोजी निघाला. त्याला कोणी कोयत्याचं विचारलं नाही.

"बाबा, घाबरलात ना? आत्ता बंद करते," जागृती म्हणाली.

"दोष सापडला नाही म्हणतोय ना तो," रामचंद्र चाचरले. "काम अर्धवट... सोडू नये."

"दुसऱ्या फोनवर करीन. तुम्हाला कशाला ताप? चहा टाकते आधी."

साखर शोधायला दोघी आत गेल्या. रामचंद्रांनी दाराकडे पाहिलं. मग ते लॅपटॉपपुढे बसले आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "महाशय, आपणांस त्रास देतो, क्षमा असावी. आमचा फोन सोडू नये. रोज दुपारी एक निरोप वाजवावा."

"कोणता?"

रामचंद्रांनी पुन्हा अक्षरं शोधली आणि लिहिलं, "कोणताही. मला आधी सांगू नये."

पाठीमागे कोनाडा उजळला.

"अहो! जागृतीच्या त्या कॉम्प्युटरला हात लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

रामचंद्रांनी चटकन हात मागे घेतला. "नाही लावत," ते म्हणाले.