झुलूंची गैरहजेरी

पराभव खालच्या माणसामुळे होतो आणि त्यातलं शौर्य वरच्या माणसाचं असतं, हे जगातल्या सर्व सुव्यवस्थित संस्थांना मान्य असलेलं तत्त्व आहे. रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या कंपनीने ते वाळवंटात नेऊन सिद्ध केलं, याचा रजा-विभागातला कारकून म्हणून मला रास्त अभिमान वाटतो.

निमित्त नेतृत्व-शिबिराचं. परदेशी प्रशिक्षकाने लुटुपुटूच्या लढाईसाठी विषय निवडला दक्षिण आफ्रिकेतलं १८७९चं इंग्रज-झुलू युद्ध. इसांडलवाना डोंगराखाली भालेवाल्या झुलूंनी बंदूकवाल्या इंग्रजांचा तळ एका दिवसात साफ केला. त्याच दिवशी जवळच्या एका ठाण्यावर शे-दीडशे इंग्रजांनी कसाबसा जीव वाचवला. सरकारने या दुसऱ्या प्रसंगाबद्दल अकरा सर्वोच्च पदकं वाटली. (पहिल्याबद्दल चौकशी नेमली.) इतकं आपलंसं व्यवस्थापन आम्ही दुसऱ्या कुठल्या इतिहासात पाहिलेलं नाही.

बाजू निवडण्याची प्रत्येकाला मुभा होती. इंग्रज: चव्वेचाळीस. झुलू: शून्य. (एक हात वर झाला होता, चौकशीअंती तो एसी कमी करण्यासाठी असल्याचं निष्पन्न झालं.) यात रंगाचा काही संबंध नाही, असं सर्वांनी न विचारता सांगितलं. इंग्रजांचा लाल डगला फोटोत उठून दिसतो, एवढंच. शिवाय आमच्यातल्या प्रत्येकाचे पणजोबा इंग्रजांविरुद्ध लढलेले, त्यामुळे इंग्रज कसे वागतात याची माहिती घरातच होती. अल मलाझच्या हुसेनमियाँ शिंप्यांनी चव्वेचाळीस डगले वेळेत शिवून दिले.

झुलूंचा तुटवडा पडला. या देशात माणसांचा तुटवडा पडला की बस पाठवतात. अबकैकच्या कामगार कॅम्पवरून सव्वीस वेल्डर आणि फिटर आले. त्यांचा म्होरक्या मालवणकडचा केरू.

इतिहासाला धरून आम्ही झुलूंना आधी निर्वाणीचा खलिता दिला, अर्थात इंग्रजी ईमेलने. केरूने उत्तर तोंडी दिलं.

"सायबानू, ता सगळा ऱ्हवांदे. माझ्या रजेचा काय झाला?"

त्याच्या मुलीचं, किशोरीचं, लग्न महिन्यावर आलं होतं. रजेचा अर्ज दोन महिने उपव्यवस्थापक सदानंद साहेबांकडे होता. त्यांनी पुरावा म्हणून लग्नपत्रिका मागवली होती, आणि पत्रिका आल्यावर तिचं इंग्रजी भाषांतर. पण त्या दिवशी साहेब आमचे सेनापती होते आणि डगल्यात खुशीत होते.

"जिंकलास तर इथेच सही करतो," ते म्हणाले. "खलास!"

दारूगोळा म्हणून रंगाचे फुगे होते. स्टोअरच्या देवदत्तने पेट्यांना कुलूप लावलं आणि तीन प्रतींत फॉर्म मागितले. (मूळ लढाईतही काडतुसांच्या पेट्यांवरून असाच घोळ झाला होता म्हणतात, म्हणजे परंपरा जुनी आहे.) आम्ही फॉर्म भरत असताना समोर दहाच झुलू उभे होते. उरलेले सोळा दोन्ही बाजूंच्या टेकाडांमागून आले आणि आमच्या पाठीशी एकमेकांना मिळाले. फॉर्म मंजूर: एकतीस. फुगे वाटप: शून्य. लढाई एकोणीस मिनिटांत संपली.

खऱ्या झुलूंचा डावही हाच होता. प्रशिक्षकाने थक्क होऊन हे शिकलास कुठे म्हणून विचारलं.

"शिकाचा काय त्यात?" केरू म्हणाला. "रापण अशीच ओढतत. दोनय टोका धरूची आणि ओढूची."

(रापण म्हणजे कोकणात किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्या दिवशी तीत सदतीस इंग्रज सापडले, पैकी आठ मधुमेही.)

साहेबांनी मात्र सहा शिलेदारांसह चहाचं टेबल शेवटपर्यंत लढवलं. बिर्याणी आल्याने झुलूंनी वेढा उठवला. या पराक्रमाबद्दल अकरा प्रशस्तिपत्रकं देण्यात आली. (सात टेबलवाल्यांना, चार त्या दिवशी मुख्य कार्यालयातून न हललेल्यांना.)

साहेब शब्दाला जागले. केरूच्या अर्जावर तिथेच सही झाली, फोटो निघाला. केरूने कागद कपाळाला लावला. त्याचे डोळे भरून आले होते. आमचेही, पण आमच्या डोळ्यांत वाळू गेली होती.

अर्ज रीतसर माझ्या टेबलावर आला. रजेला अकरा महिन्यांची अखंड हजेरी लागते. कॅम्पच्या पटावर केरू शिबिराचे दोन दिवस गैरहजर. झुलू म्हणून हजर असल्याचा रकाना पटात नाही. सबब अकरा महिने पुन्हा पहिल्यापासून. नियम मी केलेला नाही. मी फक्त लावला. साहेबांनाही विचारलं. "मी सही केलीय ना," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

किशोरीचं लग्न केरूने कामाच्या कपड्यांत, फोनवर पाहिलं. कंपनीतर्फे साहेबांनी अक्षता म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आपण हळहळलात, चांगलं केलंत. पण वर बाजू निवडायची वेळ आली, तेव्हा आपणही मनातल्या मनात हात वर केला होता, आणि तो एसीसाठी नव्हता. तेव्हा डगल्याचं माप हुसेनमियाँकडे देऊन ठेवा. झुलूंची काळजी नको, बस सांगून ठेवली आहे.