दिवाकरभाऊंचा रुमाल

आमच्या दिवाकरभाऊंनी एकदा एसटीत जागा धरायला खिडकीतून चक्क डोळ्यांवरचा चष्मा टाकला, आणि मग धावत आत शिरून त्याच्यावरच बसले. माझं परतवाड्यात चष्म्याचं दुकान, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागलं.

रुमाल टाकला की जागा आपली, हा अमरावतीच्या स्टँडवरचा अलिखित कायदा. भाऊ परतवाड्याला लागूनच अचलपूरच्या एका सरकारी कचेरीत, राहायला दोघंही अमरावतीत, म्हणून रोजचे अपडाऊनवाले. त्या दिवशी रुमाल घरी राहिला होता. त्याआधी असाच एकदा डबा गेला होता, एकदा डाव्या पायातला बूट. बस फलाटाला लागायच्या आत हा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ तिच्यासोबत धावू लागायचा. दमानं घ्या म्हटलं, की एकच उत्तर. "आता नाही तं कवा?"

ही धडपड स्वतःसाठी असती तर मी एवढं कौतुक केलं नसतं. जागा असायची सुषमा मॅडमसाठी. त्या परतवाड्याच्या शाळेत शिकवायच्या, भाऊंसारख्याच एकट्या. दोघांची सीट धरायची, मॅडमना खिडकी द्यायची आणि आपण दाराशी दांडा धरून उभं राहायचं, हा भाऊंचा तीन वर्षांचा नेम. चालत्या बसवर तुटून पडणाऱ्या या माणसाची "बसू का?" एवढं विचारायची छाती होत नव्हती.

मग बसमध्ये कोणीतरी बातमी आणली, की मॅडमनी अकोल्याला बदली मागितली. झालं! भाऊंनी त्याच दुपारी अकोल्याच्या बदलीचा अर्ज ठोकला. आधी मॅडमना विचारून तर घ्या, असं मी परोपरीनं सांगितलं.

"इचारत बसलो तं जागा जाते ना, राजा."

खटपटी करून त्यांनी ऑर्डर आणलीसुद्धा. तोवर मॅडमनी आपला अर्ज मागे घेतला होता. भाऊ अकोल्यात, मॅडम परतवाड्याच्या बसमध्ये. असा करंटा घाईखोर साऱ्या वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही.

शनिवारी भाऊंना सुट्टी, शाळा मात्र चालू. दर शनिवारी ते अकोल्याहून पहिल्या गाडीनं येतात, फलाटावर धावतात, रुमाल टाकतात, मॅडमना बसवतात आणि खाली उतरतात. रुमाल हमखास विसरून.

परवाच्या शनिवारी बस हलली. मी मॅडमच्या शेजारी बसायला गेलो, तर त्यांनी रुमालावर हात ठेवला.

"थांबा जरा. गाडी फाटकाबाहेर निघू द्या. एखाद्या वेळी चढतीन ते."

मग त्या खिडकीकडे पाहत हळूच म्हणाल्या, "अर्ज मी त्यांच्याच पायी मागं घेतला होता."

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"त्यांनी इचारलंच कुठं?"

मी मागे वळून पाहिलं. भाऊ फलाटावर उभे राहून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. रुमाल इकडे होता ना.

मी शांत डोक्याचा माणूस. इतक्या वर्षांत कंडक्टरच्या घंटीच्या दोरीला कधी हात लावला नाही. ती अशी ओढली, की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर काय काय बोलला ते सोडा. मी दारातून भाऊंना त्यांचंच "आता नाही तं कवा?" ओरडून ऐकवलं. भाऊ धावले.

मॅडमनी रुमाल उचलला आणि शेजारची जागा मोकळी केली.