दोन केसाळ, दोन तुळतुळीत

"कोण येऊन गेलं?" हा साधा प्रश्न आमच्या सोसायटीत तापीरामआप्पांना कोणी विचारत नाही. नवीन राहायला आलेला माणूस एकदा विचारतो, पुन्हा नाही.

मीही एकदा विचारला होता. मी सोसायटीचा सचिव. दुपारी माझ्याकडे कोणी तरी येऊन गेल्याचं कळलं होतं. आप्पा जिन्यात बसून तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "उंची पाच फूट पाच. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. उजव्या चपलेचा अंगठा नवीन शिवलेला. बोलायच्या आधी एकदा गिळतो. वरच्या ओठाच्या डाव्या टोकाला तीळ, तिळावर एक केस."

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाही विचारलं. एका नावाची पन्नास माणसं असतात."

तो विजेचं मीटर वाचणारा होता. तिळावरच्या केसावरून मी ओळखला. म्हणजे वर्णन बिनचूक होतं, हे मला मान्य करावं लागेल.

आमची वसाहत सुरतेत, कोसाडला आहे. खोल्या चौसष्ट, त्यातली एक्कावन्न कुटुंबं खानदेशातली. आप्पा एकटेच राहत. लग्न केलेलं नव्हतं, आणि ते का, हे विचारण्याइतकी कोणाची त्यांच्याशी सलगी नव्हती. कतारगामच्या एका कारखान्यात ते ताके तपासत. मागावरून उतरलेल्या अखंड कापडाला सुरतेत ताका म्हणतात. इंचात किती धागे बसलेत हे मोजायचं एक घडीचं भिंग असतं, ते आप्पांच्या खिशात कायम असे. सुटीच्या दिवशीही. लग्नात जेवायला बसले तरी.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "सचिव, वर्णन असं पाहिजे की दुसरा कोणी त्यात बसता कामा नये."

या वाक्याचा पहिला फटका आमच्या अध्यक्षांना बसला. हिरालाल चौधरींनी मुलीच्या लग्नासाठी माहितीपत्रक छापायला काढलं. रंग गोरा, बांधा मध्यम, स्वभाव मनमिळाऊ. आप्पांनी ते वाचलं आणि म्हणाले, "चौधरी, यात आपल्या गल्लीतल्या चाळीस मुली बसतात. मुलगा हिला बघून जाईल आणि होकार तिसरीलाच कळवेल." मग स्वतःच्या हाताने नवीन मसुदा करून दिला. त्यात 'हसताना उजवा डोळा डाव्याच्या आधी मिटतो' असं एक वाक्य होतं. चौधरींनी तो कागद सर्वांसमोर फाडला. पुढे जावई पहिल्या दिवाळीला आला आणि नेमकं त्याच डोळ्याविषयी बोलला, हे चौधरी कोणाला सांगत नाहीत.

दुसरं भांडण दाराचं. वसाहत एकसारखी दिसावी म्हणून सगळी दारं चॉकलेटी करायची, असा ठराव चौधरींनी आणला. त्रेसष्ट दारं चॉकलेटी झाली. आप्पांचं निळं राहिलं. सभा दोन तास दहा मिनिटं चालली, त्यातला दीड तास त्या एका दारावर गेला. कारण विचारलं तर आप्पा म्हणाले, "माझं दार निळं आहे." याला कारण म्हणता येत नाही, असं मी इतिवृत्तात लिहिलं. दर वर्षी ते स्वतः ब्रश घेऊन त्याच छटेचा हात मारत.

अशा माणसाला चलथाणच्या कालव्याकाठी ते रोप सापडलं.

तिथल्या साखर कारखान्यात त्यांचा एक ओळखीचा होता. त्याची वाट बघत आप्पा काठावर उकिडवे बसले होते. पायाशी मोहरीच्या दाण्याएवढी जांभळी फुलं होती. असलं तण तिथे मैलभर पसरलेलं आहे, ऊस तोडणारे ते रोज तुडवून जातात. आप्पांनी भिंग काढलं. फुलाच्या आत चार बारीक पुंकेसर. आप्पा त्यांना धागे म्हणत. दोन धाग्यांवर केस होते आणि दोन तुळतुळीत होते. शेजारच्या तणात मात्र चारही केसाळ.

मग ते काठावर पालथे पडून मोजायला लागले. तासाभराने ऊसवाल्यांना वाटलं माणूस चक्कर येऊन पडलाय. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. आप्पांनी फक्त भिंग पुसलं.

"शंभर फुलं बघितली," मला सांगत होते, "शंभरात शंभर सारखी. डिफेक्ट असता तर कुठे तरी चुकला असता. हे डिझाइन आहे."

त्यांनी एक रोप मुळासकट आणून दोन ताक्यांच्या मध्ये आठ दिवस दाबून ठेवलं आणि वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नेलं. इतकं सपाट रोप आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं प्राध्यापक आधी म्हणाले. मग भिंगातून बघितलं आणि जरा वेळाने म्हणाले, "आप्पा, आ तो नवुं लागे छे." म्हणजे आजवर कोणी नोंदवलेली नाही अशी जात.

वसाहतीत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, हे कशावर चालतं? कोणाला साखरेवर हवं होतं, कोणाला गुडघ्यावर. आप्पा प्रत्येकाला सांगत, "कशासाठीही नाही. ते आहे, एवढंच." चौथ्या दिवशी वसाहतीचा उत्साह संपला.

प्राध्यापकांनी मात्र एक अडचण सांगितली. फरक पक्का सिद्ध झाला नाही, तर हे रोप जुन्याच जातीत जमा होणार.

"जमा म्हणजे?" आप्पांनी विचारलं. मी सोबत होतो.

"म्हणजे वेगळं धरायचं नाही. त्याच्यासारखंच, असं समजायचं."

आप्पांचा चेहरा असा उतरला की मी त्यांना पाणी दिलं. एखाद्या तणाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, हे मला तेव्हा समजलं नाही. त्यानंतर सात सुट्या ते चलथाणला गेले. देठावरचे केस कुठल्या दिशेला झुकतात, बियांवर कंगोरे किती, पानाचा दात केवढा. सतरा पानं भरली. प्राध्यापकांनी ती वाचून मान डोलावली आणि सांगितलं, आता हे लॅटिनमध्ये करावं लागेल.

"लॅटिन कोण बोलतं?"

"कोई नहीं. नियम आहे."

"मग वाचून ओळखणार कोण?" आप्पा म्हणाले. प्राध्यापक हसले. मीही हसलो.

नाव शोधणाऱ्याच्या मर्जीने ठेवू, असं प्राध्यापकांनी कबूल केल्यावर चौधरींनी तातडीची सभा बोलावली. ज्या रोपाकडे चार दिवसांनंतर कोणी बघितलं नव्हतं, त्याच्या नावासाठी एकोणपन्नास जण हजर. एका गटाला सोसायटीचं नाव हवं होतं, एकाला खानदेशाचं. पाण्याच्या टाकीचं आश्वासन देऊन गेलेल्या पुढाऱ्याचं नाव दिलं तर टाकी येईल, असं तिसऱ्या गटाचं म्हणणं पडलं. मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा आप्पा उठले.

"नाव दिलंय. भास्कर."

चौधरी चिडले की त्यांची अहिराणी बाहेर येते. "आप्पा, हाऊ भास्कर शे तरी कोन?"

"शे एक."

मी नोंदवही बघितली. वसाहतीत भास्कर तीन. तिघांनीही अभिनंदन स्वीकारलं. त्यातल्या एकाने पेढे वाटले.

वर्षभराने ते वर्णन छापलेला शास्त्रीय नियतकालिकाचा अंक आला. वर प्राध्यापकांचं नाव, आप्पांचं शेवटी आभारात, बारीक अक्षरात. आप्पांनी तिकडे बघितलंही नाही. मला निळ्या दाराच्या आत बोलावलं आणि म्हणाले, "सचिव, तुम्हाला लॅटिन येत नाही, पण आकडे येतात. आकडे वाचा." मी एकेक आकडा वाचला, ते आपल्या वहीत खूण करत गेले. एकवीस आकडे होते. एकवीसही जुळले.

"म्हणजे आता यात दुसरं कोणी बसणार नाही," ते म्हणाले.

अंक ठेवायला त्यांनी ट्रंक उघडली. वर वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण होतं. ते त्यांनी लपवलं नाही, म्हणून मी वाचलं. हरवला आहे. नाव भास्कर. वय एकोणीस. रंग सावळा, बांधा मध्यम, उंची साधारण. अंगात पांढरा शर्ट. खाली पत्ता, कोसाड, दुसरा जिना, निळं दार.

"धाकटा भाऊ," आप्पा म्हणाले. "मागावर कामाला म्हणून आला. तीन महिने पत्रं आली, मग बंद. मी शोधायला आलो आणि इथंच राहिलो. हे मीच लिहून दिलं. एकोणीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि लिहायला बसलो तर हेच सुचलं. मध्यम. साधारण." त्यांनी कात्रणाची घडी घातली. "अकरा ठिकाणांहून निरोप आले, सचिव. अकराही ठिकाणी गेलो. सगळे सावळे, सगळे मध्यम. त्यातला एक जण तर म्हणाला, भाऊ, मी तो नसलो तरी मला घेऊन चला."

मी विचारलं, "आता नीट लिहून पुन्हा दिलं तर?"

"आता सगळं आठवतं. डाव्या भुवईत खाच होती. हाक मारली की आधी पाय हलायचा, मग मान वळायची." त्यांनी ट्रंक लावली. "पण आता तो एकोणीसचा कुठे राहिला असेल?"

पुढल्या वर्षी चौधरींनी दारं हिरवी करायचा ठराव आणला. तो एकमताने मंजूर झाला. मी इतिवृत्त लिहून त्यांच्यापुढे सहीला ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"सचिव, त्रेसष्ट दारं लिहिलीत. खोल्या चौसष्ट आहेत."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "दारं त्रेसष्टच."

चौधरींनी जिन्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली.